वाचकांचे प्रश्न : एकदा सरळ बोलत का नाहीत हे दोघं?

प्रश्न : ताई, मैत्रिणीने फारच डोकं खाल्लं म्हणून सिसिलिया अहर्नची 'व्हेअर रेनबोज एन्ड' वाचायला घेतली. डब्लिनमधली रोझी आणि अ‍ॅलेक्स, लहानपणापासूनची जोडगोळी, आणि पुढे आयुष्यभर नुसती चुकामूक. हा मोकळा असतो तेव्हा ती अडकलेली, ती मोकळी झाली की याचं लग्न! अर्ध्यावर आलीये आणि आता राग यायला लागलाय. फोन उचलून एकदा बोलायला काय जातं यांचं? की आमटीत पाणी घालावं तसं वाढवलंय नुसतं? सोडून देऊ का? — एक वाचक, सांगली

उत्तर : सोडू नका हो, अर्ध्यावर आलाच आहात तर! पण तुमचा राग निम्मा तरी बरोबर आहे.

आधी तो फोनचा मुद्दा. ही जवळजवळ सगळी कादंबरी पत्रं, ईमेल, चॅट आणि कार्डांमधून सांगितलीये. सुरुवातच वाढदिवसाच्या आमंत्रणाने होते, चुकीच्या स्पेलिंगसकट. आता गंमत बघा, माणसं एकमेकांसमोर बसलेली असतात तेव्हा पत्र कोण लिहितं? त्यामुळे हे दोघं भेटतात तेव्हा नेमकं काय होतं ते आपल्याला दिसतच नाही, कळतं ते नंतर, तेही ज्याने त्याने सोयीपुरतं लिहिलेलं. आणि खरं मनातलं रोझी सांगते बहिणीला, स्टेफनीला, अ‍ॅलेक्स सांगतो भावाला, फिलला. आपण दोघांचेही मेल वाचतोय म्हणून आपल्याला सगळं माहितीये, त्यांना बिचाऱ्यांना नाहीये. तुमची चिडचिड होते ती यामुळेच, आणि माझ्या मते लेखिकेचं सगळ्यात हुशार काम हेच आहे. (आपल्याकडे असती ही गोष्ट तर त्या स्टेफनीने एव्हाना दोन्ही घरी बोलणी सुरू करून साखरपुड्याची तारीखसुद्धा काढली असती.)

आता दुसरं. पहिली मोठी चुकामूक म्हणजे डेब्स, तिकडे शाळा संपताना होतो तो नाचाचा कार्यक्रम. अ‍ॅलेक्सचं कुटुंब बोस्टनला गेलेलं, तो वेळेत पोचत नाही, रोझी दुसऱ्याच मुलाबरोबर जाते आणि दिवस राहतात. तिला बोस्टनला जाऊन हॉटेल मॅनेजमेंट शिकायचं असतं, ते तिथेच थांबतं. हे वाचताना आयर्लंड डोक्यात ठेवा. तिथे १९८३ पासून गर्भपातावरची बंदी थेट राज्यघटनेत होती, ती उठली २०१८ च्या सार्वमतानंतर. घटस्फोटाचंही तेच, १९८६ च्या सार्वमतात लोकांनी तो नाकारला आणि १९९५ मध्ये जेमतेम नऊ हजार मतांनी मंजूर झाला. तरी पुढची कितीतरी वर्षं अट अशी होती की आधीच्या पाचातली चार वर्षं नवरा-बायको वेगळे राहिलेले हवेत. म्हणजे लग्न मोडलं की लगेच दुसरीकडे, असं तिथे नव्हतंच. पुस्तक आलं २००४ मध्ये, तेव्हाच्या आयरिश वाचकाला हे वेगळं सांगायची गरज नव्हती, आपल्याला मात्र ही सगळी नियतीची खोडी वाटत राहते.

तुमचा राग कुठे बरोबर आहे ते आता सांगते, पण गोष्ट फुटेल, नको असेल तर पुढची तीन-चार वाक्यं गाळा. अ‍ॅलेक्स शेवटी मनातलं लिहून पाठवतो आणि रोझीचा नवरा ग्रेग ते पत्र दडवून ठेवतो. ही मला पळवाट वाटते. तोपर्यंत दोघांच्या भित्रेपणामुळे, जबाबदाऱ्यांमुळे, थोड्या अहंकारामुळे गाडी चुकत होती, इथे एकदम व्हिलन आणून बसवला. तुम्ही म्हणता ते पाणी घालणं असलंच तर ते इथे आहे.

प्रश्न : सिनेमा आधी बघू की पुस्तक आधी? — एक वाचक, ठाणे

उत्तर : पुस्तक. 'लव्ह, रोझी' हा २०१४ चा सिनेमा गोड आहे, लिली कॉलिन्स आणि सॅम क्लॅफ्लिन दिसतातही छान, पण त्यात सगळं तिशीच्या आसपास उरकतं. पुस्तकात ही दोघं पन्नाशीपर्यंत जातात. चुकलेल्या वेळेची किंमत कळायला ती वीस वर्षं लागतातच.

प्रश्न : मी अशीच एक लघुकादंबरी लिहितोय. चिपळूणमधले शेजारी, शाळेपासून एकत्र, पुढे तो पुण्याला नोकरीला. तीन वेळा चुकामूक होते : एकदा त्याचा फोन पाण्यात पडतो, एकदा तिचं लग्न ठरल्याची खोटी बातमी त्याच्या कानावर येते, एकदा वडील आजारी पडतात म्हणून ती पुण्याला जायचं रद्द करते. बायको म्हणते सिरियल झालीये. काय करू? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : वहिनींचं ऐका! फोन आधी काढून टाका, आजकाल दुसऱ्या दिवशी नवा फोन घेऊन माणूस त्याच नंबरवर हजर असतो. खोटी बातमी ठेवायची तर ती ऐकून त्याने तिला विचारलं का नाही, याचं कारण त्याच्या स्वभावात सापडू दे. कुणीतरी सांगितलं आणि हा गप्प बसला, एवढ्यावर वाचक गप्प बसणार नाही. मला विचाराल तर बातमी खरीच करा. लग्न खरंच ठरलेलं, तिनेही फारसं मन न लावता हो म्हटलेलं, आणि हा पेढे खाऊन अभिनंदन करून येतो.

वडिलांचं आजारपण हा तुमच्याकडचा सगळ्यात भक्कम प्रसंग आहे आणि तुम्ही तो तिसऱ्या नंबरला टाकलाय. तो आधी आणा. ती गेली नाही म्हणजे तिचं नेमकं काय काय राहिलं, नोकरी, शिक्षण, स्वतःची खोली, हे दोन पानं तरी दाखवा. रोझीची गोष्ट मधल्या वर्षांत पडत नाही कारण मुलगी वाढवणं, नोकरी, पैशाची ओढाताण हे सगळं चालूच असतं, ती काही अ‍ॅलेक्सची वाट बघत खिडकीत बसलेली नाहीये. तुमची नायिका मधल्या काळात काय करते ते तुम्ही पत्रात लिहिलंच नाहीये, नायकाची मात्र कंपनीसुद्धा सांगितलीत. आणि लघुकादंबरीला दोन चुकामुकी पुरतात.