विषातल्या फॉस्फोलायपेजवर काम सुरू करताय? आधी एवढं बघा

सुरुवातीला नागाच्या विषातलं फॉस्फोलायपेज ए२ (पेशीपटलातले लिपिड, म्हणजे मेदरेणू, तोडणारं एन्झाइम) निवडलंत, हे उत्तम केलंत. एक मात्र डोक्यात पक्कं बसवा: पटलाला चिकटणं वेगळं आणि लिपिड तोडणं वेगळं. एन्झाइम आधी आपल्या एका सपाटशा बाजूने पटलावर बसतं. मग एकच लिपिड रेणू त्याच्या खाचेत शिरतो, मधल्या कार्बनवरचा एस्टर बंध तुटतो आणि मेदाम्ल व लायसोलिपिड (एक मेदाम्ल गमावलेलं लिपिड) सुटतात.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- फॉस्फेट बफर. कॅल्शियमशिवाय हे एन्झाइम लिपिड तोडत नाही, आणि फॉस्फेट कॅल्शियमचा साका करतं. त्याऐवजी ट्रिस बफर घ्या.
- घाई. लेसिथिन या लिपिडच्या पुटिकांवर (सूक्ष्म पोकळ गोळ्यांवर) लिपिड तुटण्याचा आलेख आधी बराच वेळ जवळजवळ सपाट राहू शकतो, मग एकदम चढतो. साठत गेलेलं मेदाम्लच एन्झाइमला घट्ट बसायला मदत करतं. म्हणून सपाट रेघ बघून नमुना फेकू नका, थांबा!
- ईडीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) घातलेली तुलनेची नळी न ठेवणं.

प्रथिनाच्या साखळीत ४९ व्या जागी लायसिन हे अमिनो आम्ल असलेले, लिपिड न तोडताच पटल बिघडवणारे याचे भाईबंद तूर्त बाजूला ठेवा. अभिक्रियेच्या दराची समीकरणंही नंतर बघू. एन्झाइमची कोरडी भुकटी उघडताना मात्र हातमोजे आणि मास्क हवेतच.