वाचकांचे प्रश्न : झाळ कुठे धावते?

प्रश्न : वडिलांचं इतवारीत चांदीचं काम आहे आणि मीही तिथेच ऑर्डरचं काम करतो. आता स्वतःच्या कल्पनेचे दागिने करायचे आहेत, पण बसलो की जुन्याच नमुन्यात थोडा फेरफार होतो. दागिन्यांतला कलाकार नेमकं काय वेगळं करतो?
– एक वाचक, महाल

उत्तर : तो एक प्रश्न धरतो आणि वर्षानुवर्षं सोडत नाही. नमुना त्यातून निघतो. स्वित्झर्लंडचे ओटो क्युन्झली यांनी 1980 मध्ये काळ्या रबराच्या नळीचं एक कडं केलं. आत सोन्याचा गोळा आहे, पण बाहेरून दिसतो तो फक्त फुगवटा. ‘सोनं आंधळं करतं’ अशा अर्थाचं नाव त्यांनी त्याला दिलं. नेदरलँड्सच्या खाइस बाकर यांनी 1973 मध्ये सोन्याची बारीक तार दंडाला घट्ट बांधली आणि काढून घेतली. कातडीवर उठलेला वळ हाच दागिना. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांनी सुमारे 1,800 दागिने केले, बरेचसे पितळेच्या आणि चांदीच्या तारेचे. तार ठोकायची, वळवायची, रिव्हेट मारायचं. झाळण्याच्या, म्हणजे जाळावर दुसरा धातू वितळवून जोड लावण्याच्या, वाटेला ते फारसे गेले नाहीत.

एकाने विचारलं, किंमत नेमकी कुठे असते? दुसऱ्याने, दागिना उतरवल्यावर काय उरतं? तिसऱ्याने, आगीशिवाय दोन भाग एकमेकांना कसे धरतील? तुमच्या हाताला या तिसऱ्या प्रश्नाची ओळख आधीपासून आहे. ठुशीचा मागचा गोफ आणि सरकता गोंडा बघा : एकच ठुशी बारीक मानेलाही बसते आणि भरल्या मानेलाही. चापाची नथ नाक न टोचता राहते ती फक्त तारेच्या ताणावर. घडवणाऱ्याची खरी बुद्धी अशा जागी असते, समोरच्या नक्षीत तेवढी नसते, असं आमचं ठाम मत आहे.

म्हणून फाशापासून, म्हणजे दागिना अडकवायच्या जोडापासून, सुरुवात करा. 1.2 मिलिमीटरची तार, झाळ अजिबात नाही, एकूण वजन 20 ग्रॅमच्या आत, आणि फासा हाच दागिन्याचा दर्शनी भाग. एवढ्या अटींत दहा नग करा. पहिले पाच तांब्यात, कारण तापवून नरम केलेलं तांबं हाताला चांदीच्या बरंच जवळ लागतं आणि बिघडलं तरी जीव हळहळत नाही. मोटार वाइंडिंगची तार मात्र घेऊ नका. तिच्यावर लेप असतो, तो जाळला की घशाला लागणारा धूर होतो. पहिले दोन-तीन नग कुणाचे तरी पाहिलेलेच निघतील, ते बाजूला ठेवून पुढे जा. नागपूरकर म्हणून संत्र्याचं पेंडंट हमखास सुचेल. आकार उचलू नका. फोडी पातळ पडद्याने एकमेकींना कशा धरून असतात आणि सोलताना त्या कुठे सुटतात, ते सोलून बघा.

प्रश्न : 925 चांदीची (हजारात 925 भाग शुद्ध) अंगठी झाळताना झाळेचा गोळा होतो, किंवा ती एकाच बाजूला पळते. कधी जोड धरतो, पण वाकवला की तुटतो. जाळ वाढवूनही उपयोग होत नाही.
– एक वाचक, वर्धा

उत्तर : जाळ वाढवल्यानेच बिघडतंय. सुरुवात मापापासून करू. आतला व्यास 17 मिलिमीटर आणि तार 2 मिलिमीटर असेल तर दोन्हींची बेरीज 19, गुणिले 3.14, म्हणजे जवळपास 60 मिलिमीटर तार लागते. नुसता आतला व्यास धरला तर अंगठी आतून दोन मिलिमीटरने लहान होते. दोन्ही टोकं सपाट कानशीने सरळ करा, एकमेकांवर दाबा आणि उजेडासमोर धरा. फटीतून उजेड दिसला तर झाळू नका. झाळ फट भरत नाही, ती चिकटलेल्या दोन पृष्ठांमध्ये ओढली जाते. वाकवताच तुटणारा जोड बहुतेक वेळा फटीवर पूल बांधलेला असतो.

आता गोळा का होतो ते. टाकणखार (बोरॅक्स, झाळ वाहती ठेवणारा क्षार) पाण्यात घासून दुधाइतका दाट करायचा आणि जोडाला आतून-बाहेरून लावायचा. जाळ लागताच त्यातलं पाणी उकळतं, टाकणखार फुगतो आणि झाळेचा तुकडा उडतो. म्हणून आधी दुरून, हळू फिरता जाळ द्या. टाकणखार बसून काचेसारखा झाला की मग जवळ या. तुकडा एक मिलिमीटर चौकोनी पुरे, दोन मिलिमीटरच्या तारेला एकच. जाळ झाळेवर धरायचाच नाही. 925 चांदी साधारण 800 अंशांवर वितळायला लागते आणि कठीण (जास्त उष्णतेला वितळणारी) झाळ 750 ते 790 अंशांच्या आसपास धावते, म्हणजे हातात अंतर थोडंच आहे. अंगठी मागच्या बाजूने तापवत जोडाकडे या. झाळ नेहमी जास्त तापलेल्या बाजूकडे धावते. एकाच बाजूला पळते याचा अर्थ दुसरी बाजू थंड आहे. नुसती झाळ तापली तर तिच्यातलं जस्त उडून जातं, उरलेला भाग अधिक उष्णता मागतो, छिद्रं पडतात, आणि त्या तुकड्याला कितीही जाळ दिला तरी तो हलत नाही. अशा वेळी तो तुकडा घासून काढा, टोकं साफ करा, नवीन घ्या.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणखी दोन गोष्टी आड येतात. कूलरचा झोत जाळ वाकवतो आणि अंगठीची एक बाजू थंड ठेवतो, तेव्हा तेवढा वेळ तो बंदच ठेवा. दुसरं, खिडकीतल्या झगझगीत उजेडात धातूची मंद लाली दिसत नाही. ती दिसेपर्यंत थांबलात तर चांदी वितळायला आलेली असते. आडोशाला बसा. पावसाळ्यात खालची वीट ओल धरते आणि उष्णता खाते. तीच आधी तापवून घ्या.

झाळल्यावर नग साफ करायला गंधकाम्लाचं सौम्य पाणी : दहा भाग पाण्यात एक भाग ॲसिड. ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. नग काढायला लोखंडी चिमटा वापरला तर चांदीवर गुलाबी तांबं चढतं, म्हणून तांब्याचा किंवा प्लॅस्टिकचा चिमटा ठेवा. सहजासहजी न जाणारा करडा-जांभळट डाग म्हणजे चांदीतल्या तांब्याच्या ऑक्साइडचा थर; जास्त वेळ तापवल्याची ती खूण आहे. आणि झाळ विकत घेताना ‘कॅडमियम नसलेली’ असं स्पष्ट मागा. जुन्या केडीएमची, म्हणजे कॅडमियमवाल्या झाळेची, वाफ फुप्फुसं जाळते.

प्रश्न : माझ्या कामाची किंमत कशी लावू? ओळखीचे लोक वजन विचारतात आणि भाव करतात.
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : वजन गुणिले भाव अधिक मजुरी, हा सराफाचा हिशेब आहे. तुमच्या कामात खर्च फक्त चांदीचा नसतो, वेळेचाही असतो, म्हणून तास लिहून ठेवा. एक उदाहरण घेऊ. तयार अंगठी 8 ग्रॅम, घट (कामात झिजलेली चांदी) 1 ग्रॅम, चांदी ग्रॅमला 150 रुपये धरली तर 1,350. चार तास, तासाला 250, म्हणजे 1,000. गॅस, झाळ, पॉलिश, डबी 150. एकूण खर्च झाला 2,500. त्यावर नफा 500 धरला तर तुमच्या हातात 3,000 यायला हवेत. दुकान 40 टक्के ठेवत असेल तर गिऱ्हाइकाची किंमत 5,000, कारण 5,000 चे 60 टक्के 3,000 होतात. 3,000 मध्ये 40 टक्के मिळवून 4,200 लावली तर हाती 2,520 येतात आणि नफा जवळपास सगळा जातो. ही चूक फार जण करतात. घरून विकतानाही तीच किंमत ठेवा, नाहीतर दुकानदार दुसऱ्यांदा माल ठेवणार नाही. कानसलेला चुरा आणि झाडलोट जपा. वर्षाच्या शेवटी झारेकऱ्याला (चुऱ्यातून धातू वेगळा काढणाऱ्याला) दिलीत तर घटीतला काही भाग परत येतो.

प्रश्न : पितळेचे कानातले केले. कान हिरवे होतात, काहींना खाज सुटते.
– एक वाचक, भंडारा

उत्तर : हिरवेपणा घामाने तयार झालेल्या तांब्याच्या क्षारांचा आहे, धुतला की जातो. खाज बहुधा तयार आकड्यातल्या निकेलची. वरचं पितळ राहू द्या, कानातून जाणारी तार तेवढी 925 ची करा, 0.8 मिलिमीटर. आकडा झाळू नका, कारण तापवलेली तार नरम पडते आणि आठवडाभरात उघडते; वेगळा वळवून कडीत ओवा. एका कानाचं वजन 8 ग्रॅमच्या खाली ठेवा. तारेचं टोक कानशीने गोल करून हाताच्या मागच्या कातडीवर फिरवा. ओरखडा जाणवला तर अजून घासायचंय.