चार्जर बदलला तर चालेल का?

प्रश्न : मी फर्निचरचे काम करतो. कॉर्डलेस ड्रिलचा चार्जर बिघडल्याने दुसऱ्या कंपनीच्या, १८ व्होल्ट लिहिलेल्या चार्जरवर बॅटरी लावली, तर चालेल का? पत्र्याच्या शेडमध्ये ती फार तापते.

उत्तर : कृपया तसे करू नये. १८ व्होल्टच्या लिथियम-आयन बॅटरीत साधारणपणे ३.६ व्होल्टचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टपर्यंत, म्हणजे एकूण २१ व्होल्टपर्यंत जातो. चार्जिंग नेमके कोठे थांबवायचे आणि तापमान कसे मोजायचे, हे त्या बॅटरीसाठी बनवलेला चार्जरच जाणतो. केवळ आकडा जुळला म्हणून भरवसा ठेवणे धोक्याचे आहे, कारण अतिचार्ज झालेला सेल पेट घेऊ शकतो.

काम संपताच गरम बॅटरी चार्जरवर चढवू नका. ती सावलीत निवू द्या. भुसा आणि थिनरच्या डब्यांपासून दूर, कठीण व कोरड्या जागी, तुमच्या नजरेसमोर चार्जिंग करा. रात्रभर लावून झोपणे मला मुळीच मान्य नाही. सुटी बॅटरी स्क्रू-खिळ्यांच्या पिशवीत टाकल्यास टोके जोडली जाऊन शॉर्टसर्किट होते, म्हणून तिचे झाकण लावूनच ठेवा. बिट बदलताना बॅटरी आधी काढा. फुगलेली किंवा पडून तडकलेली बॅटरी पुन्हा वापरू नका, उघडूही नका. ती कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्या.