माणसांवर लेबलं लावण्याआधी एक स्टॉपवॉच घे

तुझा प्रश्न थोडक्यात असा: अकरावीला मानसशास्त्र घेतलंय, विषय आवडतोय, आणि आता घरात, कॉलेजात, बसमध्ये सगळीकडे तेच दिसतं. मित्र इंट्रोव्हर्ट (अंतर्मुख) वाटतो, काकू ओसीडीवाली (मंत्रचळ असलेली) वाटते, एक मैत्रीण नार्सिसिस्ट (स्वतःच्याच प्रेमात असलेली). पुस्तकातल्या संकल्पना रोजच्या जगण्यात नीट कशा शोधायच्या, हे तुला हवंय.

आधी लेबलांचं बोलू, कारण नव्या विद्यार्थ्याचा पाय हमखास तिथेच घसरतो. अंतर्मुखता हा खोका नाही, ती एक पट्टी आहे आणि बहुतेक माणसं तिच्या मधल्या भागात असतात. ओसीडीचं निदान करताना नको असलेले विचार पुन्हापुन्हा येतात का किंवा एखादी कृती पुन्हापुन्हा केल्याशिवाय राहवत नाही का, त्यापायी रोज तासाहून जास्त वेळ जातो का, किंवा जगणं अडतं का, हे तपासावं लागतं. ओटा तीनदा पुसणारी काकू त्यात बसत नाही. निदान हे मनोविकारतज्ज्ञाचं किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाचं काम. आणि लेबलाचा खरा तोटा वेगळाच आहे. एकदा ‘नार्सिसिस्ट’ म्हटलं की पुढे तिचं प्रत्येक वागणं त्याला पुरावा वाटू लागतं. न बसणारं आपण बघतच नाही. म्हणजे अभ्यास मैत्रिणीचा करायला गेलास आणि पूर्वग्रह स्वतःचा वाढवलास.

म्हणून एकच गोष्ट सांगतो: माणूस निवडू नकोस, मोजता येईल अशी एक छोटी कृती निवड. घरच्या घरी, शंभर रुपयांच्या आत होणारा आणि जवळजवळ कधीच न फसणारा प्रयोग म्हणजे स्ट्रूप परिणाम.

जॉन रिडली स्ट्रूपने तो १९३५ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. शंभर रंगीत चौकोनांचे रंग सांगायला सहभागींना सरासरी ६३.३ सेकंद लागले. त्याच रंगांच्या शाईत जेव्हा भलत्याच रंगांची नावं छापलेली होती (समज, ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत, आणि उत्तर द्यायचं ‘निळा’), तेव्हा ११०.३ सेकंद. कारण सराईत वाचणाऱ्याला शब्द न वाचणं जमतच नाही. वाचन आपोआप होतं, रंगाचं नाव शोधावं लागतं, आणि तोंडाशी दोन उत्तरं एकदम येतात.

मराठीत हा प्रयोग असा कर. काळा, लाल, निळा, हिरवा हे चार रंग घे. पिवळा घेऊ नकोस. पांढऱ्या कागदावर पिवळं स्केचपेन नीट दिसत नाही, मग उशीर शब्दामुळे झाला की दिसलं नाही म्हणून, हे कळणार नाही. स्ट्रूपच्या स्वतःच्या रंगांतही पिवळा नव्हता. चार शब्द आणि न जुळणाऱ्या तीन-तीन शाया मिळून १२ जोड्या होतात. प्रत्येक जोडी दोनदा घे, म्हणजे २४ शब्द. चाराच्या सहा ओळी. प्रत्येक शाई बरोबर सहा वेळा येते. एकच शाई लागोपाठ दोनदा येऊ देऊ नकोस, आणि एका शब्दाचं नाव हीच पुढच्या शब्दाची शाई असंही शक्यतो टाळ. आत्ताच दाबून ठेवलेलं उत्तर लगेच द्यावं लागलं तर माणूस जास्तच अडखळतो. हे झालं कार्ड ‘ब’. कार्ड ‘अ’ वर शब्दांच्या जागी तेवढ्याच आकाराचे भरलेले चौकोन, शायांचा क्रम तोच ठेवून उलट्या टोकाकडून. साध्या वहीचं पान नको, स्केचपेन मागे फुटतं, कार्डशीट घे. अक्षर साधारण दीड सेंटिमीटर उंच.

सूचना सर्वांना शब्दशः सारखीच दे, म्हणून ती लिहूनच ठेव: ‘डावीकडून उजवीकडे, ओळीने, शाईचा रंग मोठ्याने सांगा. चुकलं तर तिथेच दुरुस्त करा आणि पुढे जा. जमेल तितक्या लवकर.’ आधी वेगळ्या चिठ्ठीवर चार शब्दांचा सराव. कार्ड पालथं ठेव, उलटताच स्टॉपवॉच सुरू कर, शेवटचा रंग उच्चारताच बंद. तुझ्या बोटाची चूक सेकंदाच्या काही दशांशाची असेल. स्ट्रूपच्या आकड्यांच्या प्रमाणात २४ शब्दांना सुमारे १५ आणि २६ सेकंद येतात, तेव्हा ती चूक चालून जाते. एकेका शब्दाचा वेळ मात्र हाताने मोजता येत नाही, त्या वाटेला जाऊ नकोस.

दहा जण पुरेत. पाच जणांना आधी ‘अ’, पाच जणांना आधी ‘ब’. हे वगळलंस तर प्रयोग गेला. दुसरं कार्ड सरावामुळे आपोआप सोपं जातं. सर्वांना ‘ब’ नंतर दिलंस तर फरक आहे त्यापेक्षा कमी दिसेल, आधी दिलंस तर उगाच फुगेल.

कुठे बिघडतं तेही सांगतो. काही हुशार मंडळी डोळे किलकिले करून अक्षरं धूसर करतात आणि वेग वाढवतात. सहभागीच्या डोळ्यांकडे लक्ष ठेव. तसं दिसलं तर नोंद कर, आकडा खोडू नकोस. काहींना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, पुरुषांत हे प्रमाण स्त्रियांपेक्षा बरंच जास्त असतं. सुरू करण्याआधी एकांतात विचार, चारचौघांत नको. आणि ज्याने दुसऱ्याला कार्ड वाचताना ऐकलं त्याला घेऊ नकोस.

हिशेब साधा आहे. प्रत्येकाचा ‘ब’ वजा ‘अ’ काढ. दोन कार्डांत मुळात फरक नसता, तर दहाही जणांना ‘ब’ ला जास्त वेळ लागण्याची शक्यता १०२४ पैकी १ आहे. नाणं दहादा उडवून दहाही वेळा छापा पडावा, तसं.

यापुढची पायरी महाराष्ट्रातल्या घरांत आयती मिळते. एकाच घरात मराठी माध्यमाचा मोठा भाऊ आणि इंग्रजी माध्यमाची धाकटी बहीण असतात. ज्या भाषेचं वाचन जास्त सराईत, त्या भाषेतला अडथळा साधारणपणे मोठा. तपासायचं असेल तर इंग्रजी शब्दांचंही कार्ड कर, पण उत्तर कार्डाच्याच भाषेत हवं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे दोन शब्दकार्डांची थेट तुलना. बहिणीला ‘हिरवा’ हा शब्दच ‘ग्रीन’पेक्षा उशिरा सुचत असेल, तर मराठी कार्डाला वेळ लागणारच. म्हणून चौकोनांचे रंग दोन्ही भाषांत वेगळे मोजायचे, आणि प्रत्येक भाषेच्या शब्दकार्डाच्या वेळातून त्याच भाषेतल्या चौकोनांचा वेळ वजा करायचा. घरात अजून वाचता न येणारं बालवाडीतलं मूल असेल तर दोन्ही कार्डं त्यालाही दे. ‘ब’ कार्डावर सगळे अडखळत असताना ते पोर शांतपणे रंग सांगत जातं. वाचन आपोआप होतं म्हणजे काय, हे त्या मिनिटभरात कळतं.

दुसरा विषय वर्तमानपत्रातच आहे: राशिभविष्य. बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाचं वर्णन दिलं. सर्वांना एकच, तेही ज्योतिषाच्या पुस्तकातली वाक्यं जुळवून केलेलं. ते आपल्याला किती लागू पडतं, याला त्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. तू असं कर: कालच्या राशिभविष्याचे बारा तुकडे काप (आजचे नको, लोकांनी वाचलेले असतात), राशीचं नाव आणि चित्र काढून टाक, दुसऱ्या कुणाकडून क्रमांक घालून घे म्हणजे तुलाही कोणता कुणाचा ते माहीत नसेल. बारा जणांना विचार: काल तुमच्या दिवसाला सर्वांत लागू पडणारा तुकडा कोणता?

चंद्ररास धरायची की सूर्यरास, हे आधीच कागदावर लिहून घे. नाहीतर निकाल लागल्यावर ‘माझी इंग्रजी रास बघ, बरोबर आलं’ असं होतं आणि प्रत्येकाला एकाऐवजी दोन संधी मिळतात. नुसत्या योगायोगाने बारांपैकी सरासरी एकाचं बरोबर येतं. दोघांचं किंवा जास्त जणांचं आलं तरी दचकू नकोस. तसं योगायोगाने व्हायची शक्यता चारात एक इतकी आहे. तीन किंवा अधिक आले, तर ती शंभरात सात. तेव्हा नवे बारा जण घेऊन पुन्हा कर. आजीची श्रद्धा असेल तर तिला हरवायला हा प्रयोग करू नकोस. तिला क्रमांक घालायला बसव.

अभ्यासासाठी लगेच कामाला येईल असंही एक आहे. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवलं की उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी ८१ टक्के आठवला, आणि एकदा वाचून मग न बघता लिहून काढणाऱ्यांना ७५. आठवड्याने तेच आकडे ४२ आणि ५६ झाले. इतिहासाचे सारख्या लांबीचे दोन धडे घेऊन स्वतःवर करून बघ. कोणता धडा कोणत्या पद्धतीने, ते नाणं उडवून ठरव, कारण आवडता धडा आपण नकळत आवडत्या पद्धतीला देतो. आठवड्याने सोडवायचे प्रश्न मित्राकडून काढून घे.

कोणालाही न सांगता प्रयोग करू नकोस. ‘नको’ म्हणाले तर तिथेच थांब, आणि संपल्यावर खरा हेतू सांग. वहीत नावं नकोत, १ ते १० क्रमांक पुरे. मन खचलेल्या, स्वतःला इजा करण्याचं बोलणाऱ्या मित्रावर कसलाही प्रयोग नाही. त्याच्याजवळ बस, घरच्या मोठ्यांना सांग, आणि सरकारची टेली मानस सेवा १४४१६ वर विनामूल्य आहे, तो क्रमांक त्याच्याबरोबर बसून लाव.

रविवारी पहिली दोन कार्डं कर. आकडे वहीत पेनाने लिही, पेन्सिलीने नको: क्रमांक, वय, शाळेचं माध्यम, आधी कोणतं कार्ड, ‘अ’ चे सेकंद, ‘ब’ चे सेकंद, चुका, आणि शेवटचा रुंद रकाना ‘काय दिसलं’ साठी मोकळा.