नॉब दहावर, तरी लाइनचा गुंता

प्रश्न : काका, खाडीत जिताडा आणि तांबोशी गरवायला मी बेटकास्टिंग रील (गळाची लाइन गुंडाळायचं यंत्र) वापरतो. हल्ली ब्रेकचा नॉब दहावर, म्हणजे सगळ्यात जास्त ब्रेकवर ठेवला तरी कास्ट करताना (गळ लांब फेकताना) लाइन गुंतते. साइड प्लेट उघडली तर आतले मॅग्नेट फुगलेले, एकाचा तर भुगाच झालाय. कंपनीचा सुटा भाग मिळत नाही. ऑनलाइन एन-५२ मॅग्नेट स्वस्तात आहेत. सगळ्यात पॉवरफुल तेच, म्हणून तेच मागवू का? – एक वाचक, दापोली

उत्तर : एन-५२ नको. ऑर्डर केली असेल तर रद्द करा. तुमचा ब्रेक कमी पडतोय तो मॅग्नेट गंजल्यामुळे, मुळात कमजोर होता म्हणून नव्हे. त्यात जास्त ताकदीचे बसवलेत तर नॉब दोनवरच स्पूल (लाइन गुंडाळलेलं फिरतं चाक) जड होईल, हलकं ल्युअर (नकली आमिष) होडीपुढेच पडेल आणि नॉबवरचे बाकीचे आकडे शोभेला उरतील. ‘एन’पुढचा आकडा मॅग्नेटची ताकद सांगतो, मोठा आकडा म्हणजे जास्त ताकद; मी एन-३५ पासून सुरुवात करतो.

स्पूल ॲल्युमिनियमचा असतो, त्याला मॅग्नेट चिकटत नाही. पण तो मॅग्नेटसमोर फिरू लागला की त्यात एडी करंट (धातूत भोवऱ्यासारखे फिरणारे विजेचे प्रवाह) तयार होतात आणि तेच त्याला अडवतात. वेग जितका जास्त, तितका ब्रेक जास्त. नॉब फिरवून आपण फक्त मॅग्नेट स्पूलच्या जवळ-लांब करतो. म्हणजे खरा खेळ मधल्या फटीचा आहे, आणि म्हणून ताकदीपेक्षा माप महत्त्वाचं. धड राहिलेला एक मॅग्नेट व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या पट्टीने) मोजा, व्यास आणि जाडी दोन्ही. फुगलेला मोजलात तर फसाल. जाडी अर्धा मिलिमीटर जास्त झाली तरी स्पूल घासू शकतो. जाड आला म्हणून कानस मारू नका. हे मॅग्नेट निओडिमियम, लोखंड आणि बोरॉनचे, त्यात लोखंडच सर्वात जास्त. वरचा निकेलचा पातळ मुलामा गेला की खारं पाणी आत शिरतं आणि आतून पापुद्रे सुटतात. तुमच्या रीलचं तेच झालंय. काळा इपॉक्सी मुलामा असलेले मिळाले तर आपल्या खाडीसाठी तेच घ्या.

जुने काढण्याआधी एक काम कराच. प्रत्येक घरात, म्हणजे मॅग्नेट बसायच्या खाचेत, मॅग्नेटची कोणती बाजू वर आहे ते तपासा. हातात एक सुटा मॅग्नेट धरून त्याची एकच बाजू ओळीने सगळ्यांवर न्या, कोण ओढतो आणि कोण ढकलतो ते कागदावर काढून ठेवा. बऱ्याच रीलमध्ये एक सुलटा, एक उलटा अशी मांडणी असते. सगळे एकाच बाजूने बसवलेत तर ब्रेक पूर्वीसारखा लागणार नाही. नव्या मॅग्नेटची चळत करा आणि एकेक सुटा करताना वरच्या बाजूला मार्करने ठिपका द्या, म्हणजे गोंधळ नाही.

काढताना हेअर ड्रायरची ऊब पुरते, गोंद मऊ होतो. ॲसिटोन प्लॅस्टिकला लावू नका. आणि स्टीलचा स्क्रूड्रायव्हर लांब ठेवा, तो मॅग्नेटला चिकटून बसतो. बांबूची काडी बरी. भुगा मात्र चिवट. तो लोखंडाचा, मॅग्नेटलाच धरून बसतो आणि बेअरिंगमध्ये शिरला तर घरघर सुरू. चिकटपट्टी दाबून दाबून उचला, मग बेअरिंग काढून धुवा. मॅग्नेटच्या मागे लोखंडी चकती असली तर गंज खरवडून तीच परत बसवा, फेकू नका. ती नसेल तर ब्रेक कमी होतो.

चिकटवायला दोन नळ्यांचा इपॉक्सी. फेविक्विकसारखा गोंद धक्क्याने सुटतो. एक सोडून एक घर भरा, रात्रभर वाळू द्या, उरलेले दुसऱ्या दिवशी. ओल्या गोंदात सगळे एकदम ठेवलेत तर शेजारचा शेजाऱ्यावर उडी मारतो आणि मग तुम्ही, गोंद आणि मॅग्नेट असे तिघे चिकटून बसता! नॉब दहावर नेऊन स्पूल हाताने फिरवा, कुठेही घासता कामा नये. पहिले कास्ट दहावरच करा, मग एकेक आकडा खाली या.

पुढे दर वेळी घरी आल्यावर गोड्या पाण्याचा हलका शिडकावा पुरे. नळाच्या जोरदार धारेखाली धरलंत तर खारं पाणी साइड प्लेटच्या आतच ढकललं जातं. शिडकाव्यानंतर प्लेट उघडून रील सावलीत वाळवा.

घरात लहान मूल असेल तर उरलेले मॅग्नेट बाटलीत बंद करून वर ठेवा. दोन गिळले गेले तर आतड्यात एकमेकांना धरतात, आणि तशी शंका जरी आली तरी थेट दवाखाना गाठा.