सेरोटोनिनचे तंतू मोजतात म्हणजे नक्की काय मोजतात?

हणजूणच्या पार्ट्यांत दोन वर्षं एक्स्टसी या नशेच्या गोळ्या घेतल्या, आता आठ महिने बंद आहेत, आणि अशा लोकांच्या मेंदूतले सेरोटोनिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाचे तंतू किरणोत्सारी मोजणीत कमी भरतात असं वाचल्यापासून झोप उडाली, असं तुम्ही लिहिलंय. ‘माझे तंतू जळाले का?’ हा तुमचा प्रश्न. फोंड्याला शिकवायला येण्याआधी मी चार वर्षं उंदरांच्या मेंदूवर हीच मोजणी करत होते, म्हणून उत्तर देते.

या मोजणीत तंतू मोजलेच जात नाहीत. सेरोटोनिनच्या पेशी मेंदूच्या देठात मूठभरच असतात, पण त्यांचे तंतू मेंदूभर पसरलेले असतात. बाहेर सोडलेलं सेरोटोनिन परत आत ओढून घेणारं एक वाहक प्रथिन त्या तंतूंवर असतं. पॅरोक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध त्याला घट्ट चिकटतं. ट्रिशियम (किरणोत्सारी हायड्रोजन) जोडलेलं पॅरोक्सेटिन आम्ही मेंदूच्या लगद्यात मिसळायचो, न चिकटलेलं गाळून धुऊन टाकायचो आणि गाळणकागदावर उरलेला किरणोत्सार मोजायचो. शेजारच्या नळीत बिनखुणेचं औषध भरपूर घालायचं. त्याने वाहकावरच्या सगळ्या जागा अडतात, तरीही जो किरणोत्सार उरतो तो भलतीकडे चिकटलेला. तो वजा केला की वाहकांचा आकडा मिळतो.

तिन्हीसांजेला डोंगरावरून तुळशीपुढच्या पणत्या मोजून गावात घरं किती ते सांगावं, तसं हे आहे. एरवी हिशेब जुळतो. पण एखाद्या दारी पणती लागली नाही, म्हणून ते घर पडलं असं होत नाही. एकदा आमचे आकडे घसरले आणि मी वहीत ‘तंतू नष्ट’ असं लिहून टाकलं. आमच्या बाईंनी विचारलं, ‘तंतू पाहिलेस?’ पाहिले नव्हते. तंतू शाबूत असूनही पेशी वाहक कमी बनवू शकते. तो प्रश्न मी अजून विसरले नाही.

जिवंत माणसात हीच मोजणी पेट स्कॅनने, म्हणजे शरीरात टोचलेल्या किरणोत्सारी खुणेचं बाहेरून चित्र घेऊन, होते. त्यात कार्बन-११ हा किरणोत्सारी कार्बन वापरतात. तो २० मिनिटांत निम्मा होतो, म्हणून तो बनवणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, जवळच लागतं. १९९८ साली एक्स्टसी घेणाऱ्यांमध्ये वाहक कमी दिसले. २०१० च्या एका मोठ्या अभ्यासात ते मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, कमी आढळले, स्ट्रायटम या आतल्या भागात मात्र नेहमीसारखेच होते. गोळ्या सोडून बराच काळ लोटलेल्यांचे आकडे सर्वसाधारण पातळीजवळ आल्याचंही एकाहून अधिक अभ्यासांत दिसलंय.

म्हणजे गोळी निर्धोक आहे असा अर्थ काढू नका. माकडांना मोठे डोस लागोपाठ दिल्यावर झालेले बदल सात वर्षांनंतरही दिसले होते, आणि तिथे वाहकाचा नव्हे, तंतूंमधल्या सेरोटोनिनचाच शोध घेतला होता. तुम्ही थांबलात ते फार चांगलं केलंत.

स्कॅनच्या मागे मात्र लागू नका. हे आकडे माणसागणिक इतके बदलतात की एकट्याच्या स्कॅनवरून निदान करता येत नाही. झोप उडाली आहे, त्यावर उपचार आहेत. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत जा आणि किती गोळ्या, किती काळ, हे न लपवता सांगा. डॉक्टर औषध देतील ते त्यावरच ठरेल.