काढ्याची पुडी टेबलावर येऊ दे

प्रिय डॉक्टरीणबाई,

तुझा मेल दोनदा वाचला. सिंगापूरला ऑन्कोलॉजीत गेलीस म्हणजे हा प्रश्न आज ना उद्या येणारच होता. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे सत्तरीतले चिनी आजोबा, फोल्फिरी ही केमो चालू, आणि मुलाने मेडिकल हॉलमधून, म्हणजे तिथल्या चिनी औषधांच्या दुकानातून, आणलेला काढा घरी रोज उकळतोय. तुला त्यांनी सांगितलं नाही, नर्सला गप्पांच्या ओघात सांगितलं. तू विचारतेस, 'बंद करा म्हणू का?' आणि लगेच खाली, 'की त्यांची परंपरा म्हणून गप्प बसू?'

दोन्ही उत्तरं घाईची आहेत. त्या काढ्यात काय आहे, हे अजून कुणी पाहिलेलंच नाही.

'चिनी औषध' अशी एक वस्तू नसते, हे आधी डोक्यात पक्कं कर. सुई टोचणं वेगळं, काढा वेगळा, काढ्यातून एकच रेणू काढून त्याचं इंजेक्शन करणं तर फारच वेगळं. चीनमध्ये 1950 च्या दशकापासून सरकारनेच दोन्ही वैद्यकं एकत्र आणायचं धोरण धरलं, वेस्टर्न शिकलेल्या डॉक्टरांना चिनी वैद्यक शिकायला बसवलं. त्यामुळे तिथल्या कॅन्सर वॉर्डात केमोच्या सलाईनशेजारी काढ्याची पिशवी दिसली तर कुणी दचकत नाही. पण रोज शेजारी असतं म्हणून ते सिद्ध झालं असं होत नाही, आणि चिनी आहे म्हणून थोतांड असंही नाही. प्रत्येक गोष्टीला वेगळं विचारायचं: कशासाठी, काय, किती, आणि कुठल्या औषधासोबत.

सोमलाची, म्हणजे आर्सेनिकची, गोष्ट तुला परीक्षेपुरती येते. ती नीट यायला हवी, म्हणून इथे जरा रेंगाळतो. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ईशान्य चीनमधल्या हार्बिनच्या डॉक्टरांना कळलं की खेड्यात कॅन्सरवर एक गावठी औषध चालतं. सोमल, पाऱ्याचा एक क्षार आणि भेकाचं विष, तिन्ही विषं एकत्र. हान ताइयुन नावाच्या फार्मासिस्टने त्याचं इंजेक्शन बनवलं. झांग टिंगडोंग यांनी पुढचं खरं काम केलं: तिघांना वेगळं केलं. पाऱ्याने किडनीला त्रास होत होता, भेकाच्या विषाने रक्तदाब चढत होता, आणि गुण येत होता तो सोमलाने. मग प्रश्न, कुठल्या कॅन्सरला? सगळ्या नाही. ल्युकेमियाच्या एका प्रकाराला, एपीएलला, जो तेव्हा रुग्णाला रक्तस्रावाने बघता बघता घेऊन जायचा. इकडे शांघायच्या रुइजिन हॉस्पिटलातल्या वांग झेनयी यांनी 1985 मध्ये याच आजाराच्या पाच वर्षांच्या मुलीला 'अ' जीवनसत्त्वापासून बनणारं एट्रा दिलं आणि ती बरी झाली. 1990 च्या दशकात तिथल्याच चेन झू यांच्या गटाने दाखवलं की सोमल त्या आजाराच्या मुळाशी असलेलं बिघडलेलं प्रोटीनच मोडून काढतो. 2000 मध्ये अमेरिकेने त्याला औषध म्हणून मान्यता दिली. 2013 मध्ये इटली आणि जर्मनीतल्या डॉक्टरांनी फार जोखमीचे नसलेले एपीएलचे रुग्ण निवडून एका गटाला एट्रा-सोमल दिलं, दुसऱ्याला एट्रा-केमो. दोन वर्षांनी आजार न उलटता जगणारे पहिल्या गटात 97 टक्के होते, दुसऱ्यात 86. केमोशिवाय!

यात चिनी किती आणि पाश्चात्त्य किती, याची वाटणी करणाऱ्यांना करू दे. युरोपातले डॉक्टरही एकोणिसाव्या शतकात ल्युकेमियाला सोमलाचं पाणी देत होते. आपल्या रसशास्त्रातही सोमल आहे. 'आपल्याकडे हे आधीपासून होतंच' म्हणणारे एक काका प्रत्येक घरात असतात. त्यांना सांग, होतं. पण कुठल्या ल्युकेमियाला, वजनाच्या किलोमागे किती मिलिग्रॅम आणि ईसीजी कधी काढायचा, हे नव्हतं. सोमलाचं औषध झालं ते तिथे. आजही त्याच्या प्रत्येक रुग्णाचं पोटॅशियम आपण चारच्या वर ठेवतो, कारण ते घसरलं की हृदयाची लय बिघडते. पोटॅशियम लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

सोमलाचं यश दाखवून बाकी सगळं खपवणारेही तुला भेटतील. त्यांच्यासाठी दोन उदाहरणं जवळ असू दे. भेकाच्या कातडीपासून चीनमध्ये हुआचान्सू नावाचं इंजेक्शन करतात. टेक्सासचं एमडी अँडरसन आणि शांघायचं फुदान विद्यापीठ यांनी मिळून ते स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये जेमसायटाबिन या केमोसोबत देऊन पाहिलं, फायदा दिसला नाही. दुसरं जपानचं. तिथल्या काम्पो वैद्यकाची मुळं चिनीच. ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोने हातापायांना मुंग्या येतात, त्यावर गोशाजिन्किगान हे मिश्रण छोट्या अभ्यासांत चांगलं वाटलं होतं. मोठ्या चाचणीत खोट्या गोळीशी तुलना केली तर औषध घेणाऱ्यांनाच मुंग्यांचा त्रास जास्त निघाला, आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. मला ही चाचणी फार आवडते. करणाऱ्यांनी आपल्याच परंपरेचं औषध तपासायला ठेवलं आणि निकाल लपवला नाही.

आता तुझ्या आजोबांकडे येतो. त्यांच्या फोल्फिरीतलं इरिनोटेकान कुठून आलं, त्यांना सांगून बघ, चेहरा खुलेल. ते चीनमधल्या शीशू नावाच्या झाडातल्या कॅम्प्टोथेसिनपासून बनलं. आणि ते कॅम्प्टोथेसिन 1966 मध्ये अमेरिकेत वेगळं काढणाऱ्या दोघांपैकी एक मनसुख वाणी, आपल्या नंदुरबारचे. टॅक्सॉल हे कॅन्सरचं दुसरं औषधही त्यांचं आणि मनरो वॉल यांचंच. हेच कॅम्प्टोथेसिन सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात सापडतं, म्हणून तर त्याची चोरटी तोड होते आणि वनखातं गाड्या पकडत असतं. विषयांतर झालं, पण 'झाडपाला विरुद्ध केमो' असा वाद कुणी घातला की हे कामाला येतं.

इरिनोटेकानचा मोठा उपद्रव जुलाब. यकृत त्याच्या जहाल रूपाला शर्करेचं आवरण घालून आतड्यात सोडतं, आतड्यातले जिवाणू ते आवरण उतरवतात, आणि अस्तर सोलवटून निघतं. यावर येल विद्यापीठात युंग-ची चेंग यांच्या गटाने जुलाबांवरचाच एक अठराशे वर्षं जुना चिनी काढा घेतला. चारच घटक: ह्वांगछिन, पिओनीचं मूळ, ज्येष्ठमध, लाल खजूर. त्यांनी तो दर वेळी सारखा निघेल असा प्रमाणित केला, आणि उंदरांमध्ये इरिनोटेकानने झालेली आतड्याची हानी त्याने कमी झाली. माणसांमध्ये अजून ठाम म्हणावं असं काही हातात नाही. म्हणून मेडिकल हॉलच्या पुडीला येलचं प्रमाणपत्र लावू नकोस.

ती पुडी मागव. रिकामी नव्हे, न उकळलेली. टेबलावर कागद पसर आणि त्यावर ओत. मुलगा समोर असू दे, आजोबाही. पिवळसर, जिभेच्या आकाराच्या लांबट चकत्या दिसल्या तर बहुधा ह्वांगछी. लाल खजूर आणि गोजी ओळखू येतीलच. आणि पिवळ्या गाभ्याच्या, तपकिरी सालीच्या चकत्या चाखून बघ, ज्येष्ठमध असेल. निम्म्याहून अधिक चिनी काढ्यांत ते असतंच. आपण घसा बसला की चघळतो तेच. पण रोज उकळून भरपूर पोटात गेलं की पोटॅशियम खाली आणतं आणि रक्तदाब चढवतं. इरिनोटेकानचे जुलाब पोटॅशियम खाली आणतातच. त्यावर उलटीसाठी आपण ऑन्डान्सेट्रॉन देतो, जे हृदयाच्या लयीला आधीच थोडा धक्का देतं. तीन निरुपद्रवी वाटणाऱ्या गोष्टी, तिन्ही एकाच दिशेने ओढणाऱ्या. म्हणून जुलाब असेपर्यंत ज्येष्ठमध बंद, आणि याच आठवड्यात पोटॅशियम, मॅग्नेशियम, ईसीजी, लिव्हर फंक्शन. बाकीचे घटक कळेपर्यंत काढा थांबवायला सांग. थांबवा म्हणताना कायमचं नाही, कळेपर्यंत, हे स्पष्ट सांग.

सिनसेकडून, म्हणजे त्यांच्या चिनी वैद्याकडून, नावं चिनी लिपीत लिहून घे. उच्चारावर जाऊ नकोस. ह्वांगछी आणि ह्वांगछिन ही दोन वेगळी झाडं आहेत. बेल्जियममध्ये 1990 च्या सुमारास वजन कमी करण्याच्या एका क्लिनिकमध्ये फांगजी नावाच्या मुळाऐवजी जवळपास त्याच नावाचं दुसरं मूळ गोळ्यांत गेलं. त्यात ॲरिस्टोलोकिक ॲसिड होतं. कित्येक बायकांच्या किडन्या निकामी झाल्या, आणि पुढे त्यांच्यातल्या अनेकींना मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. आज ते ॲसिड माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे.

आणखी दोन नावं. केमोत केस गेले की कुणीतरी हो-शौ-वू सुचवतं, केस काळे आणि दाट होतात म्हणून. त्याने यकृताला गंभीर इजा झालेले रुग्ण भरपूर नोंदलेले आहेत. आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर दांगक्वेइ आणि दानशेन शोध, दोन्हींनी रक्तस्राव वाढू शकतो. दांगक्वेइ तर सूपमध्येही घालतात, आणि सूपला औषध कोण म्हणतं?

म्हणूनच विचारायची पद्धत बदल. 'दुसरं काही औषध घेता का?' याला उत्तर 'नाही' असंच येणार. आपल्याकडेही गुळवेलीचा काढा घेणारा माणूस 'औषध कुठलं, ते तर आयुर्वेदिक' म्हणतो; 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर यकृताला सूज आलेले रुग्ण छापले, तेव्हा किती आरडाओरडा झाला ते तुला आठवत असेल. तू विचार, 'अंकल, घरी काय उकळतं? कोण करून देतं? कुठल्या वेळी?' आणि मग जी व्यक्ती उकळते तिच्याशी बोल. उत्तर ऐकताना भुवई हललेली दिसली तर पुढच्या वेळेपासून माहिती बंद. आजोबांनी नर्सला सांगितलं, तुला नाही, याचं वाईट वाटून घेऊ नकोस. पण ते का झालं, याचा विचार कर. सिंगापूरमध्ये 2000 च्या कायद्याने चिनी वैद्यांची नोंदणी होते. त्यांच्या सिनसेला सरळ फोन कर. बरेचसे समजूतदार असतात, केमोच्या दिवसांत काढा बदलून देतात किंवा थांबवतात. काही नसतात, तेही फोनवर लगेच कळतं.

एका बाबतीत मात्र ताठ राहा. एखादा रुग्ण ऑपरेशन, केमो सगळं सोडून फक्त काढ्यावर राहीन म्हणाला तर गुळमुळीत बोलू नकोस. येलच्याच दुसऱ्या एका गटाने 2018 मध्ये स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस आणि मोठ्या आतड्याचा, न पसरलेला कॅन्सर असलेले रुग्ण तपासले. फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका अडीच पट निघाला, स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच पटींहून जास्त. त्याच वर्षी त्यांनी दोन्ही उपचार एकत्र घेणाऱ्यांचाही हिशेब मांडला. तिथेही धोका वाढलेला होता, पण मुख्यतः एवढ्यासाठी की ही माणसं नेहमीच्या उपचारातलं काहीतरी नाकारत होती. हा आकडा रुग्णाच्या तोंडावर फेकायचा नाही. खुर्ची जवळ ओढायची, आणि नेमकी भीती कशाची वाटते ते विचारायचं. बहुतेक वेळा ती आधी गेलेल्या कुणाच्या तरी केमोची असते.

राहिली सुई. तुझ्या मेलच्या शेवटी ॲक्युपंक्चरच्या कोर्सबद्दल विचारलं आहेस, जरा लाजत. लाजायचं कारण नाही. या सगळ्यात मला सर्वांत कमी धास्ती सुईची वाटते, कारण ती केमोच्या रसायनात हात घालत नाही. मनगटाच्या आतल्या बाजूच्या नेइग्वान बिंदूवर टोचून केमोची मळमळ कमी होते, हे 1997 मध्येच अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या तज्ज्ञसभेने मान्य केलं होतं. स्तनाच्या कॅन्सरनंतर ॲरोमाटेज इन्हिबिटर ही इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी घेणाऱ्या बायकांचे सांधे इतके धरतात की काही जणी गोळीच सोडून देतात. 226 जणींवरची चाचणी 2018 मध्ये छापून आली. खऱ्या सुईने दुखणं खोट्या सुईपेक्षा आणि काहीच न करण्यापेक्षा कमी झालं. फरक मध्यमच होता. पण त्याने गोळी चालू राहणार असेल तर तो मला पुरेसा आहे. प्लेटलेट फार खाली असताना, न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, पडलेल्या असताना टोचायचं नाही, बगलेतल्या गाठी काढलेल्या बाजूचा हातही टाळायचा. आणि सुईने गाठ लहान होते असं कुणी शिकवू लागलं तर त्या वर्गातून उठायचं.

तेव्हा कर कोर्स. आठवड्यातून एक संध्याकाळ जाईल, पण ओपीडीतल्या निम्म्या घरांची भाषा तुला कळायला लागेल. फक्त फी हॉस्पिटल देतं का ते आधी एचआरला विचार, आणि ड्यूटीचा रोस्टर लागायच्या आत अर्ज टाक.

तुझे,
सर